एका सामन्याची कीर्द आणि खतावणी : अमेरिकी बेसबॉलमधील १९१० चे प्रकरण

इतिहासाचे साधन म्हणून आकडेवारी हाताळताना अभ्यासकाच्या मनात बहुधा एक सुप्त विश्वास वावरत असतो. बखरकार पक्षपाती असेल, पत्रलेखक काही गोष्टी दडवील, परंतु आकड्यांचा तक्ता निदान कोणाची भीड धरीत नाही, असा तो विश्वास होय. तो कितपत सार्थ आहे याची परीक्षा एखाद्या राज्याच्या जमाखर्चाच्या दफ्तरावर करता येते. पण तेथे एक अडचण उभी राहते. मूळ व्यवहार कोठेतरी कचेरीच्या कोपऱ्यात, दोनचार माणसांच्या समक्ष झालेला असतो आणि त्याविषयी दुसरा पुरावा क्वचितच उरतो. याउलट, धंदेवाईक बेसबॉलचा सामना हजारो प्रेक्षकांसमोर खेळला जातो, त्याची नोंद त्याच घटकेस होते, दुसऱ्या दिवशी ती वृत्तपत्रांत छापून येते आणि पुढे लीगच्या कार्यालयातील वह्यांत उतरते. घटना, नोंद, नक्कल आणि बेरीज या चारही पायऱ्या एकमेकींशी ताडून पाहता येतात. म्हणूनच अमेरिकेतील १९१० सालच्या एका वादाचा विचार खेळाच्या इतिहासापेक्षा साधनचिकित्सेच्या दृष्टीने अधिक उद्बोधक ठरतो.

बेसबॉलच्या सामन्याच्या संख्यात्मक नोंदीस अमेरिकेत ‘बॉक्स स्कोअर’ असे नाव आहे. वृत्तपत्राच्या स्तंभात मावेल एवढ्या चौकटीत दोन्ही संघांतील प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे त्याच्या फलंदाजीच्या पाळ्या, धावा, हिट, त्याने बाद केलेले गडी, बाद करण्यास केलेले साहाय्य आणि त्याच्या हातून झालेल्या चुका असे रकाने असतात. ‘हिट’ म्हणजे ज्या फटक्यावर फलंदाज स्वतःच्या कर्तृत्वाने बेसवर सुखरूप पोहोचला असा फटका. हिटच्या संख्येला पाळ्यांच्या संख्येने भागले की फलंदाजीची सरासरी मिळते आणि ती तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिण्याचा प्रघात आहे. ‘.३८५’ याचा अर्थ हजार पाळ्यांमागे ३८५ हिट. येथे क्रिकेटशी असलेला एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. क्रिकेटमध्ये सुटलेल्या झेलावर निघालेली धावही फलंदाजाच्याच खात्यावर पडते आणि बायची धाव ठरविणारा पंच असतो. गुणलेखक केवळ लिहितो. बेसबॉलमध्ये फलंदाज बेसवर पोहोचला तो स्वतःच्या फटक्याने की क्षेत्ररक्षकाच्या चुकीने, हा निवाडा अधिकृत गुणलेखकच करतो. हा गुणलेखक दीर्घकाळ स्थानिक वृत्तपत्राचा वार्ताहर असे. अर्थात या तक्त्यातील निदान दोन रकाने मोजणीचे नसून निकालाचे आहेत.

या पद्धतीचा उगम शोधता, न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन यांच्यात ऑक्टोबर १८४५ मध्ये झालेल्या सामन्याचा एक तक्ता न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आढळतो. त्यात खेळाडूंची नावे, प्रत्येक जण किती वेळा बाद झाला आणि त्याने किती धावा काढल्या एवढेच आहे. क्रिकेटच्या धावफलकाची छाया त्यावर स्पष्ट दिसते. त्याला विस्तृत रूप देण्याचे श्रेय हेन्री चॅडविक या पत्रकाराकडे जाते. चॅडविकचा जन्म १८२४ मध्ये इंग्लंडमधील एक्सिटर येथे झाला. १८३७ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेत आला आणि प्रारंभी क्रिकेटची वृत्ते लिहीत असे. १८५९ मध्ये ‘न्यूयॉर्क क्लिपर’मध्ये त्याने दिलेला तक्ता आधुनिक बॉक्स स्कोअरचा आरंभ म्हणून सामान्यतः मानला जातो. पिचरने फलंदाजास बाद केल्याची खूण म्हणून आजही वापरले जाणारे ‘के’ हे अक्षर त्यानेच रूढ केले. इंग्लंडातील सार्वजनिक आरोग्यसुधारणेचा प्रवर्तक आणि श्रमिकांच्या आरोग्यस्थितीविषयीच्या १८४२ च्या सुप्रसिद्ध अहवालाचा कर्ता एडविन चॅडविक हा हेन्रीचा सावत्र भाऊ होता. एकाने मृत्यू आणि रोगराई मोजली, दुसऱ्याने चेंडूफळी. परंतु वर्तनाचा हिशेब मांडला की त्यातून दोष आणि गुण यांची वाटणी आपोआप होईल ही त्या शतकाची श्रद्धा दोघांतही सारखीच दिसते. हेन्री चॅडविकच्या तक्त्यातील ‘चुका’ हा रकाना या श्रद्धेचेच अपत्य होय.

या तक्त्याचा विशेष असा की तो स्वतःची तपासणी स्वतः करू शकतो. एखाद्या संघाच्या फलंदाजीच्या पाळ्या, चेंडूंच्या दोषामुळे मिळालेले मोफत बेस, अंगावर चेंडू लागल्याने मिळालेले बेस, त्याग-फटके आणि क्वचित प्रसंगी अडथळ्यामुळे मिळालेले बेस यांची बेरीज केली, तर ती त्या संघाच्या धावा, डाव संपताना बेसवर अडकून राहिलेले गडी आणि प्रतिपक्षाने बाद केलेले गडी यांच्या बेरजेइतकी आलीच पाहिजे. कारण उघड आहे : फलंदाजीस आलेला प्रत्येक गडी एकतर धाव काढतो, नाहीतर बाद होतो, नाहीतर बेसवर राहतो, चौथी गती नाही. सावकाराच्या कीर्दीत जमा आणि नावे यांचा मेळ बसावा तसा हा मेळ बसतो आणि न बसल्यास कोठेतरी लेखनदोष आहे असे निश्चित समजावे. आकड्यांवरील विश्वासाचे मूळ या मेळात आहे. तथापि हा मेळ नेमके काय पकडतो आणि काय पकडू शकत नाही, हे १९१० च्या प्रकरणाने जितके स्पष्ट केले तितके कदाचित दुसऱ्या कोणत्याही प्रकरणाने केले नसेल.

त्या वर्षी डेट्रॉइट येथील मोटार-कारखानदार ह्यू चामर्स याने जाहीर केले की, मोसमाअखेर ज्याची फलंदाजीची सरासरी सर्वोच्च असेल त्याला चामर्स कंपनीची मोटार बक्षीस देण्यात येईल. अमेरिकन लीगमध्ये शर्यत दोघांत उरली. एक डेट्रॉइट संघाचा टाय कॉब. असामान्य खेळाडू, परंतु स्वभावाने इतका तापट की प्रतिपक्षाच काय, त्याच्या स्वतःच्या संघातही त्याच्याविषयी आपुलकी बाळगणारे थोडे होते. दुसरा क्लीव्हलंडचा नॅपोलियन लाझवे; वयाने कॉबहून बारा वर्षांनी वडील आणि इतका लोकप्रिय की त्याच्या संघाला त्याच्याच नावावरून ‘नॅप्स’ म्हणत. आपली आघाडी सुरक्षित आहे अशा समजुतीने कॉबने मोसमातील शेवटचे दोन सामने खेळण्याचे टाळले.

९ ऑक्टोबर १९१० रोजी क्लीव्हलंडचा संघ सेंट लुइस येथे ब्राउन्स या संघाविरुद्ध एकाच दिवशी एकापाठोपाठ दोन सामने खेळला. ब्राउन्स संघ त्या वर्षी अमेरिकन लीगमध्ये तळाशी होता. विजेतेपद केव्हाच फिलाडेल्फियाकडे गेले होते. सामन्यांच्या निकालाला काहीच मोल उरले नव्हते. लाझवेने प्रथम एक जोरदार फटका मारून तिसरा बेस गाठला. त्यानंतर मात्र त्याने बहुतेक वेळा ‘बंट’ केला, म्हणजे बॅट सैल धरून चेंडू जवळच खाली पाडला आणि पहिल्या बेसकडे धाव घेतली. एरवी असा चेंडू उचलण्यासाठी तिसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षक पुढे सरकतो. परंतु ब्राउन्सचा नवखा क्षेत्ररक्षक कॉरिडन त्या दिवशी बराच मागे, बाहेरच्या मैदानाच्या गवताजवळ उभा होता. लाझवेच्या जोरदार फटक्यांपासून जपून राहा, अशी आज्ञा त्याला व्यवस्थापक जॅक ओ’कॉनरकडून होती. दोन्ही सामने मिळून लाझवेच्या नावावर आठ पाळ्या आणि आठ हिट लागल्या. मोसमाच्या अखेरच्या दिवशी कॉबला मागे टाकण्यासाठी नेमके असेच काहीतरी घडायला हवे होते.

आता त्या दिवसाच्या तक्त्याकडे पाहिले असता त्यात खोटे असे काहीच सापडत नाही. हिट आठ होत्या आणि आठच लिहिल्या गेल्या. क्षेत्ररक्षक कोठे उभा होता यासाठी बॉक्स स्कोअरमध्ये रकाना नाही. हेतूसाठी तर नाहीच नाही. साधनाचे मौन हे असत्य नव्हे, पण त्या मौनामुळे तक्ता पाहणाऱ्याला सुखासुखी दिलेली हिट आणि झगडून मिळविलेली हिट यांतील भेद कळत नाही. प्रेक्षकांना आणि वार्ताहरांना तो कळला होता. म्हणूनच दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत मजकूर एक सांगतो आणि त्याखालची चौकट दुसरेच, असा चमत्कारिक देखावा दिसतो.

याहून महत्त्वाची घटना मैदानाबाहेर, वार्ताहरांच्या कक्षात घडली. एका बंटवर लाझवे पहिल्या बेसवर पोहोचला असता अधिकृत गुणलेखकाने ती हिट न मानता त्याग-फटका म्हणून नोंदली. आपण बाद होण्याची जोखीम पत्करून आधीच बेसवर असलेल्या सहकाऱ्याला पुढे सरकविण्यासाठी केलेला बंट म्हणजे त्याग-फटका. तो पाळ्यांत धरीत नाहीत. ब्राउन्सचा एक प्रशिक्षक, हॅरी हॉवेल, या निर्णयाची चौकशी करू लागला आणि गुणलेखकाकडे एक चिठ्ठी पोहोचली : त्याग-फटक्याऐवजी हिट दिसत असेल तर चाळीस डॉलरचा पोशाख शिवून मिळेल. गुणलेखकाने ते मानले नाही.

या चिठ्ठीचे मोल गणिताने काढता येते. लीगने पुढे प्रसिद्ध केलेल्या अधिकृत आकड्यांनुसार कॉबच्या ५०९ पाळ्यांत १९६ हिट होत्या, म्हणजे सरासरी .३८५०६९, लाझवेच्या ५९१ पाळ्यांत २२७, म्हणजे.३८४०९५. तो त्याग-फटका हिट मानला असता तर पाळ्या ५९२ आणि हिट २२८ झाल्या असत्या. सरासरी येते .३८५१३५, म्हणजे कॉबहून अधिक. चाळीस डॉलरच्या कापडाने लीगचा सर्वश्रेष्ठ फलंदाज बदलला असता. आणि येथेच पूर्वी वर्णिलेल्या मेळाची मर्यादा उघडी पडते. त्याग-फटका एकाने कमी केला आणि पाळी एकाने वाढविली, तर डाव्या बाजूची बेरीज जशीच्या तशी राहते. लाच घेतली असती तरी तक्त्याचा ताळा तंतोतंत जुळला असता. गणिताला माणसाचा निवाडा दिसत नाही. त्याला फक्त निवाड्यानंतरचे आकडे दिसतात.

सामन्यानंतर काही दिवस कोण जिंकला हेच कोणाला ठाऊक नव्हते. प्रत्येक वृत्तपत्र आपापली बेरीज ठेवीत असे आणि या बेरजा परस्परांशी जुळत नव्हत्या. काहींत लाझवे पुढे होता, काहींत कॉब. लीगचा अध्यक्ष बॅन जॉन्सन याने चौकशी केली. कॉरिडन आज्ञेबाहेर वागला नव्हता म्हणून त्यास दोषमुक्त ठरविण्यात आले. ओ’कॉनर आणि हॉवेल यांना मात्र त्यानंतर या खेळाचे दरवाजे बंद झाले. लाझवेच्या आठ हिट जॉन्सनने रद्द केल्या नाहीत. त्याने जाहीर केले की अधिकृत नोंदींप्रमाणे कॉबच विजयी आहे. चामर्सने दोघांनाही मोटारी देऊन वाद मिटविला आणि पुढच्या वर्षापासून आपले पारितोषिक सरासरीवर न ठेवता क्रीडावार्ताहरांच्या मतांवर ठेवले. आकड्यापेक्षा मत बरे, असा निष्कर्ष एका कारखानदाराने काढावा यात थोडा विनोद आहे.

प्रकरण येथे संपले असे सत्तर वर्षे वाटत होते. त्याचा दुसरा अध्याय मैदानात नसून वह्यांत आहे. अमेरिकन लीगच्या कार्यालयात प्रत्येक खेळाडूची स्वतंत्र पाने ठेवलेली असत आणि गुणलेखकांकडून आलेल्या प्रत्येक सामन्याच्या तक्त्यातून त्यांवर ओळीने नोंदी उतरविल्या जात. मराठी दफ्तरांच्या अभ्यासकांस परिचित असलेल्या शब्दांत सांगावयाचे तर बॉक्स स्कोअर ही रोजकीर्द आणि ही पाने म्हणजे खतावणी. १९७० नंतरच्या दशकात पीट पामर हा संशोधक ही खतावणी रोजच्या तक्त्यांशी ताडून पाहत असताना त्याला असे आढळले की सप्टेंबर १९१० च्या अखेरीस डेट्रॉइटने खेळलेला एक सामना दोनदा चढविला गेला आहे. त्या सामन्यात कॉबने तीन पाळ्यांत दोन हिट मिळविल्या होत्या. तो सामना नोंदावयाचा राहिला अशी समजूत होऊन कोणीतरी तो पुन्हा लिहिला असावा. विशेष म्हणजे डेट्रॉइटच्या इतर खेळाडूंच्या पानांवर ही दुबार नोंद नंतर खोडलेली आहे. कॉबच्या पानावर मात्र ती तशीच राहिली.

दुबार आलेल्या तीन पाळ्या आणि दोन हिट वजा केल्या तर ५०६ पाळ्यांत १९४ हिट उरतात, सरासरी.३८३३९९. या एका दुरुस्तीनेच लाझवे पुढे जातो. पुढील संशोधनात दोघांच्याही आकड्यांत आणखी काही लहानसहान फेरफार निघाले, पण क्रम पालटला नाही. कॉबच्या पानावरील नोंद हेतुपुरस्सर ठेवली गेली काय, हा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो आणि तसा संशय व्यक्तही झाला आहे. मात्र तो सिद्ध करील असा कागद उपलब्ध नाही आणि कारकुनाच्या हातून होणाऱ्या नित्याच्या चुकीने त्याचे समाधानकारक स्पष्टीकरण होते. या स्थितीत कटाचा आरोप करणे हे साधनाबाहेर जाणे होईल. महत्त्वाची गोष्ट निराळी आहे : दोनदा चढविलेला तो सामना स्वतःपुरता निर्दोष होता. त्याच्या तक्त्याचा मेळ बसत होता. प्रत्येक पान खरे आणि त्यांची बेरीज खोटी, असा हा प्रकार होय. तो केवळ कीर्द आणि खतावणी शेजारी ठेवूनच उघड होऊ शकत होता आणि तसे करण्याची गरज सत्तर वर्षे कोणास भासली नाही.

हे संशोधन १९८१ मध्ये ‘स्पोर्टिंग न्यूज’ या साप्ताहिकाने प्रसिद्ध केले. तेव्हाचे बेसबॉल आयुक्त बूई क्यून यांनी दुरुस्ती स्वीकारण्यास नकार दिला. एवढा काळ लोटल्यावर निकाल पुन्हा उघडणे योग्य नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. मुदतबाह्य दाव्याचा हा न्याय न्यायालयात उचित असेल. इतिहासात त्याला स्थान नाही. न्यायालयाला वाद कधीतरी संपवावा लागतो, अभ्यासकाला तसे बंधन नसते. या नकाराचे परिणाम लगेच दिसून आले. कॉबच्या कारकीर्दीतील एकूण हिट अधिकृतपणे ४,१९१ मानल्या जात. संशोधित गणनेत त्या ४,१८९ होतात. ११ सप्टेंबर १९८५ रोजी सिनसिनाटी येथे आपल्या गावच्या प्रेक्षकांसमोर पीट रोझने ४,१९२ वी हिट मिळवून विक्रम मोडला आणि मोठा समारंभ झाला. संशोधित संख्या खरी धरली तर तो विक्रम तीन दिवस आधी, ८ सप्टेंबरला शिकागो येथे, कोणाच्याही ध्यानीमनी नसताना मोडला गेला होता.

क्यून यांच्या निर्णयास धोरण म्हणावे तर तेही सातत्याने पाळले गेले नाही. शिकागो कब्ज संघाच्या हॅक विल्सनने १९३० मध्ये आपल्या फटक्यांनी १९० धावा घरी आणल्या हा विक्रम १९९९ मध्ये १९१ असा दुरुस्त करण्यात आला. २८ जुलै १९३० च्या एका सामन्यातील एक धाव विल्सनऐवजी त्याचा सहकारी चार्ली ग्रिम याच्या नावावर पडली होती. संघाची बेरीज बरोबर, फक्त नाव चुकलेले. येथेही तक्त्याच्या मेळाने दोष झाकला होता. ही दुरुस्ती ६९ वर्षांनी मान्य झाली आणि कॉबची ७१ वर्षांनी अमान्य झाली, यावरून मुदतीचे तत्त्व फारसे निर्णायक नव्हते असे दिसते. विल्सनची दुरुस्ती विक्रम वाढविणारी होती आणि तिने कोणाचे विजेतेपद हिरावले जात नव्हते, हा फरक अधिक बोलका आहे.

व्याख्या बदलली की आकडा बदलतो, हा आणखी एक स्वतंत्र विषय आहे. १८८७ या एकाच मोसमात मोफत बेससुद्धा हिट म्हणून धरण्यात आले होते. त्या नियमाने सेंट लुइसच्या टिप ओ’नीलची सरासरी.४९२ होती. पुढे १९६८ मध्ये नेमलेल्या अभिलेख समितीने तो नियम गणनेपुरता रद्द ठरविला आणि तीच सरासरी .४३५ झाली. एकही फटका कमी झाला नाही.

या सर्व वादांत एक गोष्ट गृहीत आहे : तक्ता उपलब्ध आहे. ज्यांचे तक्तेच नीट जपले गेले नाहीत त्यांचे काय, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला. कृष्णवर्णीय खेळाडूंना मुख्य लीगमध्ये १९४७ पर्यंत प्रवेश नव्हता. १९२० पासून त्यांच्या स्वतंत्र निग्रो लीग चालत. या लीगच्या कार्यालयांत अमेरिकन लीगसारखी अखंड खतावणी नव्हती. त्यांचे सामने ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’ यांसारख्या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांत छापले जात. पण ही बहुतांशी साप्ताहिके होती, जागा अपुरी असे आणि अनेक सामन्यांची केवळ धावसंख्या उरली. कीर्दच तुटक असल्यामुळे तेथे खतावणी नव्याने बांधावी लागली. अनेक संशोधकांनी वृत्तपत्रांतून एकेक तक्ता वेचून हे काम कित्येक वर्षे केले. डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना मुख्य लीगचा दर्जा देण्यात आला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत अभिलेखात समाविष्ट झाले. त्या वेळी या काळाच्या नोंदी सुमारे तीन-चतुर्थांश पूर्ण झाल्या आहेत असा समितीचा अंदाज होता. त्या समावेशाने कारकीर्दीच्या सर्वोच्च सरासरीचा मान .३६७ असलेल्या टाय कॉबकडून .३७२ असलेल्या जॉश गिब्सनकडे गेला.

१९८१ मध्ये दोन हिट वजा करण्यास जी व्यवस्था तयार नव्हती, तिने २०२४ मध्ये तीन लीगांच्या नव्हे तर सात लीगांच्या मोसमांची भर आपल्या वहीत घातली. गिब्सन १९४७ च्या जानेवारीत वारला. त्यानंतर तीन महिन्यांनी मुख्य लीगचे मैदान कृष्णवर्णीय खेळाडूस खुले झाले. त्याच्या अनेक सामन्यांचे तक्ते अद्याप सापडावयाचे आहेत आणि जसजसे ते सापडतील तसतशी .३७२ ही संख्याही हलत राहील.